त्याला जास्त का?

लहान मुलांबद्दल दोन मतं सर्रास ऐकू येतात. एक, मुलं जन्मतः निरागस असतात, आपपरभाव त्यांना ठाऊक नसतो, तो आपण मोठे शिकवतो. दुसरं, मुलं जन्मतः आपमतलबी असतात, त्यांचं सगळं 'माझं माझं' असतं, वाटून खायला आपणच शिकवावं लागतं. गंमत म्हणजे एकच माणूस ही दोन्ही मतं एकाच दिवशी मांडू शकतो. सकाळी शेजाऱ्यांचं बाळ मांडीवर असताना पहिलं, आणि संध्याकाळी स्वतःच्या दोन पोरांची रिमोटवरून जुंपली की दुसरं.

गेले दोन-तीन शनिवार-रविवार मी या विषयावरचं संशोधन वाचत बसलो होतो. (लग्न नाही, मूल नाही, तरी हे वाचतोय म्हणून रूममेटने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. असो.) वाचून जे मत झालं ते आधीच सांगून टाकतो. न्यायाची जाण बाळाला आपल्या अंदाजापेक्षा खूप लवकर येते, पण ती आधी येते ती बघ्याच्या भूमिकेतून. दोघांमधलं वाटप तिसऱ्याने बघावं, तशी. स्वतःच्या पदराला खार लावून न्याय करणं ही वेगळीच गोष्ट आहे. ती यायला आणखी सहा-सात वर्षं जातात, आणि सगळीकडे येतेच असंही नाही. ह्या मधल्या वर्षांत आपण घराघरात काय करतो, त्यावर मला बोलायचंय.

जाँ पियाजे ह्या स्विस मानसशास्त्रज्ञाचं मुलांच्या नैतिक समजुतीवरचं पुस्तक १९३२ साली आलं. त्याने स्वित्झर्लंडमधल्या पोरांना गोट्यांच्या खेळाचे नियम विचारले, छोट्या छोट्या गोष्टी सांगून 'ह्यात बरोबर कोण?' असं विचारलं. त्यातून त्याने मांडलं की साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या लेखी न्याय म्हणजे मोठी माणसं सांगतील तो. समान वाटणीचा आग्रह त्यानंतर येतो. माणूस थोरच, पण त्याची पद्धत होती विचारण्याची. आणि ज्याला अजून बोलताच येत नाही, त्याला विचारणार काय कप्पाळ?

यावर पुढच्या लोकांनी जी युक्ती वापरली ती मला इंजिनियर म्हणून बेहद्द आवडली. बाळाला उत्तर देता येत नाही ना? मग त्याची नजर मोजा. बाळाला आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर बसवायचं, समोर काहीतरी घडवायचं, आणि ते किती सेकंद बघत राहतं ते टिपायचं. अपेक्षेप्रमाणे घडलं तर बाळ कंटाळून मान फिरवतं. अपेक्षेबाहेरचं घडलं तर टक लावून बघत बसतं. आपण सर्व्हरचे लॉग वाचतो ना, तसंच. आतला कोड दिसत नाही, पण एक्सेप्शन नेमकं कुठे आलं ते कळतं, आणि त्यावरून आत काय लिहिलं असेल याचा अंदाज बांधता येतो.

वॉशिंग्टन विद्यापीठात मार्को श्मिट आणि जेसिका सॉमरव्हिल यांनी २०११ साली १५ महिन्यांच्या ४७ बाळांवर हे करून बघितलं. व्हिडिओत एक जण दोघांना खारी बिस्किटं वाटतो, मग जगमधून दूध वाटतो. कधी दोघांना सारखं, कधी एकाला जास्त. बाळं कमी-जास्त वाटपाकडे जास्त वेळ बघत राहिली. पंधरा महिने म्हणजे धड चालताही न येणारं, अजून 'दूध' शब्दसुद्धा नीट न म्हणणारं पोर. पण दुधाच्या दोन पेल्यांत घोळ झाला, तर त्याच्या लक्षात येतं.

इथे माझ्यातला टेस्टर जागा झाला. कशावरून हा न्यायाचा प्रश्न आहे? दोन सारखे ढीग डोळ्यांना बरे दिसतात आणि एक मोठा एक छोटा खटकतो, एवढंच असेल तर? म्हणजे नैतिकता वगैरे काही नाही, नुसती सिमेट्री! पण हा प्रश्न त्या लोकांना माझ्याआधीच पडला होता. स्टेफनी स्लोन, रेने बायारजाँ आणि डेव्हिड प्रीमॅक यांचा २०१२ सालचा प्रयोग बघा. बाळं १९ महिन्यांची. समोर जिराफाच्या दोन बाहुल्या, हलणाऱ्या-बोलणाऱ्या. एक बाई दोन खेळणी घेऊन येते. कधी प्रत्येकाला एक देते, कधी दोन्ही एकालाच. एकालाच दिली की बाळं जास्त वेळ बघतात. आता तेच दृश्य, पण जिराफ निर्जीव, नुसते ठेवलेले. फरक गायब! तिसऱ्या प्रकारात जिराफ जिवंत, पण खेळणी आधीपासूनच त्यांच्यापुढे झाकून ठेवलेली. बाई फक्त झाकण उचलते. तेव्हाही फरक गायब. म्हणजे बाळाला ढिगांशी देणंघेणं नाही. कोणीतरी कोणालातरी *वाटतंय*, आणि घेणारे दोघे जिवंत आहेत, एवढं जुळून आलं तरच वाटप चुकलं की ते खटकतं. दगडापुढे दोन पेढे ठेवले आणि दुसऱ्या दगडापुढे एकही नाही, तर अन्याय होत नाही, हे दीड वर्षाच्या पोराला कळतं. असे कंट्रोल बघितले की मला खरंच आनंद होतो. आमच्याकडे टेस्ट प्लॅनमध्ये एवढी अक्कल वापरली असती तर निम्मे शनिवार वाचले असते.

ह्याच निबंधातला दुसरा प्रयोग तर थेट आयटीवाल्यांसाठी केल्यासारखा आहे. ह्यात बाळं २१ महिन्यांची. दोघींना खेळणी आवरायचं काम दिलेलं. एकदा दोघी मिळून आवरतात. एकदा एकटीच आवरते, दुसरी खेळत बसते. मग काम सांगणारी येऊन बक्षीस देते. दोघींनी काम केलं असेल तेव्हा दोघींना बक्षीस मिळावं अशी बाळांची अपेक्षा दिसली. एक जण नुसती खेळत बसली असेल, तर ती अपेक्षा राहत नाही. मागे एका प्रोजेक्टमध्ये आमच्यातल्या एकाने सलग तीन रात्री जागून रिलीज बाहेर काढला, आणि दुसरा त्या तीन रात्री 'नेटवर्क नाही' म्हणून गायब होता. दोघांना एकच रेटिंग. का, तर 'टीम एफर्ट होता'. त्या मीटिंगमध्ये २१ महिन्यांचं बाळ असतं तर ते आमच्या मॅनेजरकडे बराच वेळ बघत बसलं असतं. मात्र बाळ मॅनेजर लोकांना एक सवलतही देतं बरं का. काम कोणी केलं हे बक्षीस देणारीला बघून कळण्याची सोयच नव्हती, तेव्हा बाळांची अशी काही अपेक्षा दिसली नाही.

आता थोडं पाणी ओततो, कारण असे निष्कर्ष वाचून हुरळून जायला होतं. बाळांच्या नैतिकतेवरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग २००७ चा, किली हॅमलिन, कॅरन विन आणि पॉल ब्लूम यांचा. डोळे लावलेले लाकडी ठोकळे; एक टेकडी चढू बघतोय, दुसरा त्याला मदत करतो, तिसरा खाली ढकलतो. नंतर बाळापुढे मदत करणारा आणि ढकलणारा ठेवले, तर सहा महिन्यांच्या १२ पैकी १२ बाळांनी मदत करणाऱ्याला हात घातला. १२ पैकी १२! पुढे जगभरातल्या ३७ प्रयोगशाळांनी मिळून, हजाराच्या वर बाळं घेऊन, तोच प्रयोग पुन्हा केला. २०२४ साली त्याचा निकाल आला: मदत करणाऱ्याला निवडणारी बाळं जवळजवळ बरोब्बर निम्मी. म्हणजे नाणेफेक. मदत आणि वाटप हे दोन वेगळे विषय आहेत, आणि वाटपाचे प्रयोग वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वयांच्या बाळांवर झालेत, त्यामुळे एक पडला म्हणून सगळे पडले असं मी म्हणणार नाही. पण 'सहा महिन्यांच्या बाळाला पाप-पुण्य कळतं' असा फॉरवर्ड आला, तर पुढे पाठवण्याआधी हे लक्षात असू द्या.

तर परत पंधरा महिन्यांच्या मंडळींकडे. श्मिट-सॉमरव्हिल यांनी त्याच बाळांना दोन खेळणी दिली, आणि कोणतं जास्त आवडतं ते बघून ठेवलं. मग एका अनोळखी माणसाने हात पुढे करून मागितलं, 'मला एक देतोस?' साधारण एक तृतीयांश बाळांनी चक्क आवडतं खेळणं दिलं. एक तृतीयांशांनी नावडतं दिलं (ही मंडळी पुढे आपल्याला लग्नात जुने फोटोफ्रेम भेट देतात). उरलेल्यांनी काहीच दिलं नाही. आता मजा बघा. आवडतं देणाऱ्यांपैकी ९२ टक्के बाळं विषम वाटपाकडे जास्त वेळ बघणारी होती. नावडतं देणाऱ्यांपैकी ८६ टक्क्यांचं उलट, त्यांना *समान* वाटप बघून नवल वाटत होतं! बाळं थोडीच आहेत, टक्केवारी फार ताणू नये, हे मान्य. तरी पंधराव्या महिन्यातच सगळ्यांची अपेक्षा एकसारखी नाही, हे मला मोठं वाटतं. सॉमरव्हिल आणि टॅली झिव्ह यांनी २०१७ साली १५० बाळं घेऊन दाखवलं की ही अपेक्षा साधारण सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान आकार घेते, ती येण्याचा संबंध बाळ स्वतःहून वस्तू पुढे करायला लागण्याशी आहे, आणि पुढे बाळा-बाळांत जो फरक दिसतो त्याचा संबंध घरात भावंडं असण्याशीही आहे. थोडक्यात, हे नुसतं जन्मजात फर्मवेअर नाही. घरात रोज जे चालतं त्याचा ह्यात वाटा आहे.

आता वयाने पुढे जाऊ. तीन वर्षांचं पोर बोलायला लागलं, मग ते वाटून खातं का? छे! क्रेग स्मिथ, पीटर ब्लेक आणि पॉल हॅरिस यांनी २०१३ साली तीन ते आठ वर्षांच्या मुलांना स्टिकर दिले. सारखे वाटायला हवेत का, असं विचारलं तर तीन वर्षांचीही म्हणाली, हो, हवेत. प्रत्यक्षात लहानग्यांनी स्वतःकडे जास्त ठेवले. आणि तू किती देशील असं आधी विचारलं, तर त्यांनी ते खरंखरं सांगितलंही! मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. नियम माहीत आहे, तो मला लागू आहे हेही माहीत आहे, पण मी देणार नाही. मोठेपणी आपण फक्त शेवटचं वाक्य गाळायला शिकतो.

स्वतःला कमी मिळालं तर काय, आणि जास्त मिळालं तर काय, हे तपासायला ब्लेक आणि कॅथरीन मॅकऑलिफ यांनी एक झकास यंत्र बनवलं. दोन मुलं समोरासमोर. दोघांच्या गोळ्या दोन तबकांत. एका मुलाच्या हातात दोन दांडे. हिरवा ओढला तर ज्याच्या त्याच्या गोळ्या ज्याला त्याला मिळतात. लाल ओढला तर सगळ्या गोळ्या मधल्या भांड्यात पडतात, कोणालाच काही नाही. मला एक आणि तुला चार असं असेल, तर चार वर्षांची मुलंही लाल दांडा ओढतात. स्वतःची एक गोळी गेली तरी चालेल, पण हे नाही चालणार. आणि मला चार, तुला एक असेल तर? तेव्हा चार, पाच, सहा वर्षांची मंडळी खुशाल हिरवा ओढतात. 'मला जास्त आहे, हे बरोबर नाही' म्हणून लाल ओढणारी मुलं अमेरिकेत आठ वर्षांच्या आसपास दिसली.

मग हेच यंत्र घेऊन त्यांचा मोठा गट सात देशांत फिरला. निकाल २०१५ साली 'नेचर'मध्ये आला: चार ते पंधरा वर्षांच्या मुलांच्या ८६६ जोड्या. मला कमी मिळालं तर नको, हे वय वाढेल तसं सगळीकडे दिसलं. मला जास्त मिळालं तर नको, हे मात्र फक्त तीन देशांत दिसलं: अमेरिका, कॅनडा आणि युगांडा. मेक्सिको, पेरू, सेनेगल इथे दिसलं नाही. सातवा देश भारत. इथेही दिसलं नाही.

लगेच 'आपली संस्कृतीच तशी' असा गळा काढायचं कारण नाही. एका ठिकाणची मुलं म्हणजे अख्खा भारत नव्हे, आणि हातातली चार गोळ्यांची कमाई फेकून देणं हा न्यायाचा एकमेव पुरावाही नव्हे. (अन्न टाकायचं नाही हे आपल्याकडे मुलांच्या डोक्यात किती भरवलेलं असतं!) पण एक गोष्ट पक्की दिसते. स्वतःवरचा अन्याय मुलांना शिकवावा लागत नाही. दुसऱ्यावरचा, आणि तोही आपल्या फायद्याचा असलेला, ओळखायला कुठे शिकतात, कुठे नाही.

आता घरचं उदाहरण. दिवाळीला आम्ही सगळे जमतो. ह्या वेळी डब्यात तीन बेसन लाडू उरले होते, आणि खाणारी पोरं दोन. भाची सहा वर्षांची, धाकटा भाचा तीनचा. आईने भाच्याच्या हातावर दोन ठेवले, भाचीच्या हातावर एक.

"आजी, त्याला जास्त का?"

"अगं, तो लहान आहे ना. तू मोठी ताई."

"पण मागच्या वेळी तू दादाला दोन दिलेस. तेव्हा म्हणालीस, तो मोठा आहे."

दादा म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, वय दहा. एकदम शांतता. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "फार बोलायला लागलीस हं तू!"

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. सहा वर्षांच्या पोरीने आमच्या घरातला सगळ्यात जुना बग पकडला होता. मोठा असेल तर जास्त, लहान असेल तरी जास्त. दोन्ही कंडिशनमध्ये आउटपुट एकच येत असेल, तर खरी कंडिशन तिसरीच कुठलीतरी आहे. ती काय आहे हे त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. आणि माझ्या आईला दुष्ट वगैरे ठरवू नका. उरलेला फुटका लाडू, तोही कोणी मागत नाही ना ह्याची खात्री करून, ती स्वतः खाते. ज्या पंगतीत ती वाढली तिथे वाटप असंच व्हायचं, आणि तिने कधी 'का' विचारलं असेल तर तिलाही हेच उत्तर मिळालं असणार.

माझा मुद्दा त्या उत्तराबद्दल आहे. मूल 'त्याला जास्त का' म्हणतं तेव्हा आपण पटकन ठरवतो की हे हावरट आहे, हेव्याने बोलतंय. थोडा हेवा असतोही, नाही कशाला म्हणा. पण वरचे प्रयोग बघितले तर हा प्रश्न हेव्याच्या आधीचा आहे. स्वतःचा काहीही संबंध नसलेल्या दोन जिराफांबद्दल तो ह्या पोरांना दीड वर्षाचं असताना पडलेला असतो, फक्त तेव्हा तोंडाने विचारता येत नव्हता. पुढे तोंड फुटतं, आणि पहिल्या दोन-चार वर्षांतच 'फार बोलतेस', 'बघ तो कसा शहाण्यासारखा खातोय' असं ऐकून तो गिळायची सवय लागते. आणि दोन लाडूवाल्याचं काय? तो तीन वर्षांचा आहे, वाटप चुकलंय हे त्याच्याही लक्षात आलेलं असणार. पण त्याला त्याच्याच फायद्याचं कारण आयतं मिळतं, तेही घरातल्या सगळ्यात प्रेमळ माणसाकडून. पुढे लाल दांडा ओढायची वेळ आली तर तो कशाला ओढेल?

'पण सगळ्यांना सारखं म्हणजेच न्याय का?' असं कोणी विचारेल. रास्त आहे. आजारी पोराला जास्त दूध द्यावंच लागतं. आणि हे मुलांना कळत नाही असं समजू नका. अ‍ॅलेक्स शॉ आणि क्रिस्टिना ओल्सन यांनी २०१२ साली सहा ते आठ वर्षांच्या मुलांना दोन मुलांची गोष्ट सांगितली. दोघांनी मिळून खोली आवरली, बक्षीस म्हणून पाच खोडरबर. दोन-दोन वाटले, पाचवा कोणाला? बहुतेकांनी सांगितलं, टाकून द्या! पण एकाने जास्त काम केलं होतं असं सांगितलं, की त्याला पाचवा द्यायला ती तयार. म्हणजे कमी-जास्तावर त्यांचा राग नसतो. कारण हवं असतं, आणि ते कारण उद्या बदलणारं नको असतं. 'तो आजारी आहे' हे कारण चालतं, कारण ती आजारी पडली की तिलाही लागू होतं.

मोठी माणसं मध्ये नसतात तेव्हा पोरं हे बऱ्यापैकी जमवतात, असं माझं निरीक्षण आहे. एकच पेरू असेल तर शर्टाच्या टोकात धरून चिमणीच्या दाताने तोडून देणं, वडापाव अर्धा करताना एकाने तोडायचा आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. कैऱ्या पाडायला गेलो की झाडावर चढणारा एक, खाली झेलणारे दोघे, आणि माळी येतोय का बघत उभा राहणारा एक; चौघांना वाटा सारखा, राखण करणाऱ्यालासुद्धा. लायपझिगच्या काटारिना हामान, मायकेल टोमासेलो वगैरे मंडळींनी २०११ साली हेच तीन वर्षांच्या मुलांत बघितलं. दोघांनी मिळून दोरी ओढून बक्षीस मिळवलं, तर ती समान वाटतात. नुसतं आयतं समोर आलं तर तेवढी वाटत नाहीत. चिंपांझींमध्ये असा फरक दिसला नाही.

लाडू मात्र आजीने केलेले असतात आणि डबा आजीच्या हातात असतो. ह्या भाऊबीजेला ताईने एक गंमत केली. उरलेल्या चिरोट्यांची ताटली भाचीच्या हातात दिली आणि म्हणाली, "तू वाट, आणि तो आधी उचलेल." पोरीने दहा मिनिटं घेतली. प्रत्येक चिरोटा उलटा-सुलटा करून बघितला, एकाचा पदर सुटला होता तो बाजूला ठेवला, मग परत आत घेतला, आणि शेवटी त्याच्या जोडीला एक अख्खा जास्तीचा तुकडा लावला, फुटक्याची भरपाई म्हणून. आई हे सगळं कौतुकाने बघत होती. मग म्हणाली, "आणि आजीला?"